आतली खुर्ची

“रोझी, तू जरा आत सरक ना,” व्हर्नन म्हणाला आणि आपल्या चेलोची खुंटी पिळायला खाली वाकला.

एवढंच. आवाज नेहमीचाच होता, खोलीही नेहमीचीच. मरोळ गावठाणातल्या व्हर्ननच्या घराचा पुढचा हॉल, भिंतीवर क्रूस, खिडकीत डिसेंबरचा कागदी तारा, बाहेर मेट्रो वरून गेली की कपाटातल्या बशा किणकिणायच्या त्याही नेहमीसारख्या किणकिणल्या. रोझमेरीला आधी वाटलं, तालमीला मागे बसलेल्या देवेशला जागा कमी पडत असेल. तिने खुर्ची वीतभर सरकवली. मग व्हर्नन वर न बघता म्हणाला, “तसं नाही गं. आतल्या खुर्चीवर. बाहेर गार्गी बसू दे. टिनाच्या लग्नाला तिला पुढे घेऊ या म्हटलं.” आणि ती पोर, गार्गी, आपलं व्हायोलिन छातीशी धरून उभी होती, गाल लाल झालेले, म्हणाली, “अंकल, मिसना विचारलंत का?” रोझमेरी हसली. हसल्याशिवाय दुसरं काय करणार? “अगं बस की. त्यात विचारायचं काय,” ती म्हणाली. ती उठून डावीकडच्या खुर्चीवर बसली, आणि ती खुर्ची अजून गार्गीच्या अंगाने गरम होती.

बाहेरच्या माणसाला यात काही कळायचं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात काळे कपडे घालून सहा माणसं वाजवत बसली, तर कोण कुठल्या खुर्चीवर आहे ते नवरीच्या आत्यालाही दिसत नाही, तिचं लक्ष पनीरकडे. पण दोन व्हायोलिनवाल्यांत सुरांची पानं ठेवायला एकच स्टँड असतो. बाहेरच्या खुर्चीवर, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या अंगाला, बसतो तो मोठा. आतल्या खुर्चीवरचा धाकटा. पान संपत आलं की धाकट्याने वाजवणं सोडायचं, हात लांब करून पान उलटायचं, आणि पुन्हा धावत येऊन गाठायचं. मोठा थांबत नाही. त्याच्यासाठी पान आपोआप उलटतं. शिवाय सुरुवात करायला इथे कोणी काठी हलवत नाही. बाहेरच्या खुर्चीवरचं माणूस नाकाने एक श्वास घेतं, जरा मोठा, जवळच्यांना ऐकू जाईल एवढा, आणि त्या श्वासावर सगळ्यांचे गज एकदम तारेवर पडतात. वीसेक वर्षं तो श्वास रोझमेरीचा होता. साखरपुडे, रिसेप्शनं, दिवाळी पहाट, सोसायट्यांचे ख्रिसमस, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे मुलुंड-घाटकोपरला, जिथे जिथे व्हर्ननचा ग्रुप वाजला तिथे तिथे रोझमेरीने आधी चेलोकडे पाहिलं, व्हर्ननने मान हलवली, तिने श्वास घेतला, आणि मगच दुनिया सुरू झाली. गावाने त्या दोघांची नावं कधीच जोडून टाकली होती, विशेषतः व्हर्ननची बायको गेल्यावर. तसं काही नव्हतं. रोझमेरीच्या वाट्याला त्या माणसाचं एक मान हलवणं आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते पुरलं होतं. आता त्याने मान हलवली ती गार्गीकडे बघून. रोझमेरीने ती बाजूने पाहिली. बाजूने तिला व्हर्ननचा फक्त कान आणि जबडा दिसला.

आणि झालं काय, गार्गीने श्वास घेतला तेव्हा रोझमेरीनेही घेतला. मुद्दाम नाही, सवयीने. दोन श्वास, मध्ये केसभर फट. देवेश रोझमेरीच्या श्वासावर सुरू झाला, बाकीचे गार्गीच्या, आणि पहिलाच सूर फाटला. व्हर्नन हसला. “देवेश, आता तिकडे बघायचं बाबा,” तो म्हणाला. देवेश म्हणाला, “सॉरी यार, कान तिकडेच लागलेत इतकी वर्षं.” रोझमेरीला देवेशचा मुका घ्यावासा वाटला. दुसऱ्या वेळी तिने श्वास रोखून धरला. पूर्ण ओळ संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

घरी जाताना ती विहिरीच्या बाजूची वाट धरून गेली, लांबची. गार्गी तिच्याकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती. आई साकीनाक्याला एका युनिटमध्ये पॅकिंगला, घर नाहूरला, आजोबा गिरणीत होते आणि गावी भजनात पेटी धरायचे म्हणून पोरीला संगीत लागलं पाहिजे असा आईचा हट्ट. शाळा सुटली की मुलगी युनिटमध्ये खोक्यांवर बसून राहायची, त्यापेक्षा रोझमेरी मिसकडे बरी. रोझमेरीने तिची बोटं धरून तारेवर ठेवली. हनुवटी कुठे, कोपर कुठे, मनगट कसं सैल, सगळं. गजाला राळ किती लावायची तेही. ती रडली तेव्हा तिला नानखटाई दिली. खालची जाड तार वाजवताना गज दाबायचा नाही, तो हाताच्या वजनाने आपसूक बसू द्यायचा, ही गोष्ट रोझमेरीला स्वतःला सापडायला दहा वर्षं लागली होती, आणि ती तिने या पोरीला एका शनिवारी दुपारी, सीलिंग फॅनखाली, फुकट देऊन टाकली. इतरांना नाही दिली. हिलाच का दिली? कारण हिच्या हातातून आपलाच आवाज निघतो, हे तेव्हा तिला गोड वाटलं होतं. गुरूची विद्या गुरूला, असं लोक म्हणतात आणि हसतात. हसायला लोकांच्या बापाचं काय जातं.

खुर्चीचं एक वेळ तिने सोडून दिलं असतं. पण टिनाचं लग्न होतं. टिना व्हर्ननची एकुलती एक. आई गेली तेव्हा नववीत होती, आणि त्या वर्षी तिच्या दोन वेण्या कोण घालत होतं, तिला साडी नेसायला कोणी शिकवलं, पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला तिच्याबरोबर कोण जाऊन खाली उभं राहिलं, ते गावाला माहीत आहे. आणि त्या लग्नासाठी व्हर्ननने एक गोष्ट केली होती जी त्याने आयुष्यात कोणासाठी केली नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात, तेव्हा त्या एक जुनं गाणं म्हणतात, त्याची आई म्हणायची ते. ते गाणं त्याने आपल्या ग्रुपसाठी लिहून काढलं होतं. त्याच्यावर टिना देवळात पाऊल टाकणार. गावात चर्चला देऊळच म्हणतात. पहिल्या पानावर सगळे मिळून वाजवतात, आणि पान उलटलं की एकटं व्हायोलिन, खालच्या जाड तारेवर, बाकीचे अगदी हलके. गणपतीच्या सुमाराला एकदा त्याने भाजी घेता घेता सहज विचारलं होतं, “रोझी, जाड तारेवर तुझा हात अजून तसाच चालतो ना?” ती म्हणाली होती, “का रे, शंका आहे?” तो म्हणाला होता, “नाही गं, आपलं विचारलं.” मग पानं आली. पेन्सिलीने लिहिलेली, खोडलेली, त्याच्या तिरक्या हातातली. तिने दुसरं पान पाहिलं आणि तिला शंका राहिली नाही. ते तिच्या हाताच्या मापाचं होतं. कपडा शिवणाऱ्याला अंग माहीत असावं तसं. हे दुसऱ्या कोणासाठी लिहिलेलं असूच शकत नव्हतं, आणि आता ते दुसरीने घालायचं होतं.

का, तेही तिला माहीत होतं. त्याच तर गोष्टीवर तिचं मन पुन्हा पुन्हा जाऊन आदळत होतं. नोव्हेंबरात बोरिवलीला एका लॉनवर लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, मागे त्यांनी एक लांब सूर धरून ठेवायचा, बस, एवढंच काम. आणि तिचा गज थरथरला. थंडी नव्हती, घाई नव्हती, हात आपोआप थरथरला. सूर बकरीसारखा झाला. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, कोणाला पत्ता नाही. व्हर्ननला होता. घरी परतताना टॅक्सीत त्याने तिच्या व्हायोलिनची पेटी आपल्या मांडीवर घेतली, एवढंच. ती कधी घेत नव्हता. तो ओरडला असता तर तिने भांडून घेतलं असतं. दयेशी कोण भांडणार? आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरने खांदा दाबून पाहिला, सांगितलं, काही नाही, वय. चोपन्न हे काय वय आहे? त्यानंतर एकदाही हात थरथरला नव्हता. पण व्हर्ननच्या डोक्यात तो एक सूर अडकून बसला होता, आणि बाकीचे वीस वर्षांचे सूर कुठे गेले ते त्यालाच ठाऊक.

पुढचे दिवस ती दोन माणसांसारखी जगली. तालमीला जायची, आतल्या खुर्चीवर बसायची, वेळेवर पान उलटायची. पान चटकन हाताला लागावं म्हणून खालचा कोपरा दुमडून ठेवतात, त्याला ते सगळे कान म्हणतात. तिने गार्गीच्या पानांना नीट कान काढले. गार्गी विचारायची, “मिस, इथे गज वर घेऊ की खाली?” आणि ती खरं तेच सांगायची. खोटं सांगायचा मोह झाला तरी सांगायची. व्हर्नन रोज दुसऱ्या पानात काहीतरी बदलायचा, शेवटच्या आठवड्यापर्यंत, त्यामुळे गार्गीला ते पाठ होईना. तिला तशीही पाठ करायची सवय नव्हती, कागद समोर असला की पोरगी वाघ. “वाट लागलीय माझी, मिस,” ती म्हणायची, “पान समोर नसेल ना, तर मी ब्लँक.” रोझमेरी म्हणायची, “पान कुठे जातंय? मी आहे ना.” आणि घरी आल्यावर दार लावून, तारांवर रबरी म्यूट बसवून, शेजारच्यांनाही ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात ती तेच दुसरं पान वाजवायची. रोज. व्हर्ननचे सगळे बदल धरून. कशासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नाही. तिचा हात थरथरत नव्हता. तिला त्या मुलीचा हेवा वाटत होता, सरळ शब्द तोच आहे, तिच्या सैल मनगटाचा, तिच्या न थकणाऱ्या खांद्याचा, आणि सगळ्यांत जास्त तिला समोरून दिसणाऱ्या व्हर्ननच्या चेहऱ्याचा.

आदल्या दिवशी उंबराचं पाणी झालं. बायका लुगडी नेसून विहिरीवर, ताशा वाजतोय, कोणी विहिरीत हळद टाकतंय, आणि ते गाणं. रोझमेरी लहानपणापासून ते म्हणत आलेली. स्वतःच्या विहिरीच्या दिवसाची वाट बघतही एके काळी म्हटलेलं. टिना तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, “आंटी, उद्या हे तूच वाजवणार ना? पप्पा काही सांगत नाही, सरप्राइज आहे म्हणतो.” “ग्रुप वाजवणार गं,” रोझमेरी म्हणाली. टिना म्हणाली, “म्हणजे तूच. मी तुझा आवाज ओळखीन हां.” हे ऐकून तिला रडू आलं आणि ते तिथे शोभलंही, कारण त्या वेळी सगळ्याच बायका थोड्या रडत होत्या.

देवळात वाजवणारे मागे, दरवाज्याच्या वर, लाकडी माळ्यावर बसतात. खालच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. व्हर्ननची चेलोची खुर्ची रिकामी होती; तो खाली दारात, काळ्या सुटात, टिनाचा हात आपल्या कोपरात घेऊन उभा. रोझमेरीने स्टँडवर पानं ठेवली आणि तिच्या लक्षात आलं की पहिल्या पानाचा कान सरळ झालेला आहे. नुसता सरळ नाही, नखाने घासून गुळगुळीत केलेला. कधी केला? सकाळी, चहा पिताना, पानं नीट लावताना. हात आपसूक फिरत होता. तिने तो पुन्हा दुमडायला हात पुढे केला, आणि खालून फादरने खूण केली, दार उघडलं. गार्गीने श्वास घेतला. यावेळी रोझमेरीने घेतला नाही. सगळे गज एका श्वासावर पडले, सुरेख पडले, आणि खाली टिनाचं पहिलं पाऊल.

पहिलं पान छोटंच होतं. ते संपत आलं तेव्हा रोझमेरीने नियमाप्रमाणे गज उचलला, डावा हात लांब केला. बोटं कोपऱ्यापर्यंत गेली. पान गुळगुळीत होतं. ते उलटायला अर्धा क्षण जास्त लागला असता, एवढंच. बोट ओलं करायचं, उलटायचं. तिने खाली पाहिलं. मधल्या वाटेने व्हर्ननची पाठ दूर जात होती, ती पाठ, एका खांद्याला जराशी उतरलेली, चेलोने उतरवलेली. तो ऐकत होता. मानेवरून कळत होतं की तो फक्त ऐकत होता. तिने हात मागे घेतला. व्हायोलिनच्या मानेवर ठेवला. शेजारी गार्गीचा गज ओळीच्या टोकाला जाऊन थांबला, तिने मान वळवली, डोळे मोठे झाले, आणि त्या थांबण्यात, सूर पडायच्या आधी, रोझमेरीने श्वास घेतला आणि जाड तारेवर गज ठेवला.

मग तिने जे वाजवलं ते तिने आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. गज दाबला नाही. हात थरथरला नाही. बाकीचे दोन-चार सुरांत तिच्याखाली आले, देवेश तर लगेच, जणू इतक्या दिवसांनी घर सापडलं. विहिरीवरच्या बायका त्यात होत्या, टिनाच्या वेण्या होत्या, टॅक्सीतली मांडीवरची पेटी होती, आणि मी आहे, मी आहे, अजून आहे, हे होतं. खाली टिना चालत अल्ताराच्या वेदीपर्यंत गेली. व्हर्ननने तिचा हात नवऱ्याच्या हातात दिला आणि खिशातून रुमाल काढला. रोझमेरीने शेवटचा सूर लांबवला, गज संपेपर्यंत. गार्गीचं व्हायोलिन मांडीवर होतं. मासची प्रार्थना चालू असताना माळ्यावर कोणी बोलत नाही.

बाहेर अंगणात फोटो, तांदूळ, मिठ्या. रोझमेरी जिन्यावरून उतरली तेव्हा तिच्या अंगात हलकं वारं भरलं होतं. व्हर्नन गर्दीतून वाट काढत आला, डोळे लाल, टाय सुटलेला, दोन्ही हात पुढे. ती एक पाऊल पुढे झाली. त्याने तिच्या बाजूला उभ्या असलेल्या गार्गीचे दोन्ही हात धरले. “पोरी,” तो म्हणाला. “पोरी, मला वाटलं माझी आईच गातेय. अशी जाड तार मी उभ्या जन्मात ऐकली नाही. खोटं नाही सांगत. रोझी, बघ, मी म्हटलं नव्हतं? आता मला कशाची काळजी नाही.” आणि त्याने रोझमेरीचा खांदा थोपटला, तोच खांदा, हळुवार. “तू शिकवलंस गं हिला. तुझं नाव काढलं.”

त्याची पाठ होती. त्याला दिसलं कुठून असणार? आणि ऐकू तरी वेगळं कसं येणार, आवाज तर दोघींचा एकच. तिनेच तो त्या शनिवारी दुपारी देऊन टाकला होता. ते मी वाजवलं, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण मग गार्गीने का नाही वाजवलं, हा प्रश्न लगेच आला असता. रोझमेरीने गार्गीकडे पाहिलं. पोरीने एकदा तिच्याकडे पाहिलं, शांतपणे, नानखटाई खाणाऱ्या मुलीचा त्या बघण्यात मागमूस नव्हता. मग ती व्हर्ननला म्हणाली, “थँक्यू अंकल.” आणि वाकून त्याच्या पाया पडली, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे. रोझमेरी म्हणाली, “हो, झकास वाजवलं तिने.” स्वतःच्या वाजवण्याचाच माणसाला इतका मत्सर वाटू शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी गावातल्याच मैदानावर मांडव होता, दिव्यांच्या माळा, एका बाजूला वाजवणाऱ्यांसाठी छोटं स्टेज. व्हर्नन आता आपल्या चेलोपाशी होता, खुशीत, सगळ्यांना खुणा करत. टिनाने येताना रोझमेरीचा गाल ओढला. “आंटी, मी ओळखलं हां,” ती कानात म्हणाली, “पप्पाला काही कळत नाही,” आणि केकच्या दिशेने पळाली. एका माणसाने ओळखलं होतं. दिवसभर हवं होतं ते हेच, आणि आता ते हातात घेऊन बघावं तर त्यात नुसती भीती. टिना पप्पाला सांगेल. पप्पा विचारील. रोझमेरी आतल्या खुर्चीवर बसली. व्हर्ननने मान हलवली, गार्गीने श्वास घेतला, वाजणं सुरू झालं. कुठलीतरी आनंदी, गोल गोल फिरणारी चाल होती, लोक नाचायलाही लागले. पान संपत आलं. रोझमेरीने दोन ओळी आधीच गज उचलला, हात लांब केला, यावेळी अगदी वेळेवर, वेळेच्याही आधी. पानाला कान होता. तिने काढलेला नव्हता. मोठा, ठसठशीत, बाहेरच्या खुर्चीच्या बाजूने नुकताच नखाने दुमडलेला. तिची बोटं तिथे पोचायच्या आत गार्गीने मधेच वाजवणं सोडलं, सुरांचं नुकसान सोसलं, आणि स्वतःच्या हाताने पान उलटलं. चेलोमागून व्हर्ननने एकदम वर पाहिलं. बाहेरच्या खुर्चीवरचं माणूस कधी पान उलटत नाही. त्याने गार्गीकडे पाहिलं, मग पानाकडे, मग हळूहळू, आता समोरून, रोझमेरीच्या हवेत राहिलेल्या हाताकडे.